फोटोत मी कुठे आहे

प्रिय शेपटू यास,

तुला गळाभेट, वहिनींना नमस्कार. तुमची खुशाली कळव. माझी हल्ली नाकातल्या नळीतून येते. ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरतं, डोळे मिटले की शाळेमागची नदी ऐकू येते. (आमची ही म्हणते, नदीचं वीजबिल येत नव्हतं.)

पत्रास कारण माझा भरपाईचा अर्ज. छाती आग विझवता विझवता गेली, असं मी म्हणतो; समिती म्हणते, वयामुळे. त्यांच्या डॉक्टरांनी एका नळीत फुंकायला लावलं आणि मला एकदम पाचवीचा वर्ग आठवला. गुरुजी वाऱ्याची कविता म्हणायला लावायचे. मी अख्खं कडवं एका दमात म्हणायचो, तू मागच्या बाकावर नुसतं तोंड हलवायचास. (गुरुजी तुलाही शाबासकी द्यायचे!) म्हणून म्हटलं, डॉक्टर, यंत्र राहू द्या, कविता ऐका. पहिल्याच ओळीच्या मध्यावर, जिथे स्वल्पविरामसुद्धा नाही, तिथे मी थांबलो. "छान आहे, पुढे?" डॉक्टर म्हणाले. पुढे काही आलं नाही. वाराच पडला.

मग समितीच्या साहेबांनी पुरावा मागितला, रंगाच्या गोदामाला आग लागली तेव्हा मी आत होतो याचा. वर्तमानपत्रातला जुना फोटो पुढे ठेवून मी मधोमध बोट टेकलं. "हा मी." साहेबांनी चष्मा पुसला, फोटो खिडकीकडे धरला. "आजोबा, इथे नुसता धूर दिसतोय." "साहेब, तेच तर सांगतोय!" कोणी हसलं नाही. आत बरोबर असलेला माणूस आणा, म्हणाले. आपल्या बंबावरची बाकीची मंडळी आता बोलावून येण्यासारखी राहिली नाहीत. सगळी छातीनेच गेली. (वयच झालं असेल. एक तर चाळिशीचा होता.)

असो. पैसे मिळाले तर मशीन चालेल. पण माझ्या कागदावर 'वय' एवढंच लिहून फाइल मिटवू नये, असं फार वाटतं.

तुझा,
पुढे चालणारा

ता. क. : त्या धुरात पाइप घेऊन मी पुढे होतो आणि माझा कमरपट्टा धरून मागे तू होतास, नेहमीसारखा. समितीसमोर येऊन तेवढं सांग. या वेळी नुसतं तोंड हलवून चालणार नाही.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच वहिनींचा फोन आला. तुलाही नळी लागली म्हणे, आणि मला कळवायचं नाही अशी तंबी होती. गाढवा! समिती तिसऱ्या मजल्यावर बसते, लिफ्ट बंद आहे. तरी ये. मी पुढे होतो, तू पट्टा धर. घाई नाही, वर आग नाही, साहेब आहेत.