बिनआवाजी डबा

४ फेब्रुवारी

डबा मिळाला! भंगारवाल्या काकांच्या गोदामात, गंजक्या पंख्यांच्या ढिगाखाली पडला होता. उभा, चौकोनी, समोर फ्लॉपीची फट, कडेला जाळी. एके काळी दुधी रंगाचा असावा, आता जुन्या दातांच्या रंगाचा आहे.

काका म्हणाले, "यात काही नाहीये, ताई. रिकामा आहे." म्हटलं, मला रिकामाच हवाय. त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, की मी शिकलेली आहे हे सांगावंसं वाटलं. सांगितलंही. त्यानं मामला आणखी बिघडला.

शाळेत असलाच होता. संगणकाची खोली वेगळी, खिडक्यांना पडदे, चपला बाहेर. आम्हाला दारातून दाखवायचे. लांबूनच! तेव्हा वाटायचं, एकदा हात लावू दिला तर जन्मभर दुसरं काही मागणार नाही. आज दोन्ही हातांनी उराशी धरून घरी आणला, आणि वाटेतच पुढच्या सामानाची यादी मनात तयार झाली.

५ फेब्रुवारी

ठरलं. बाहेरून जुना, आतून नवा, आणि बिनआवाजी. इंटरनेट नाही, खेळ नाहीत. फक्त मी, पडदा आणि काम. काम म्हणजे मुलांना संगणक शिकवणारा एक प्रोग्राम—जुन्यातल्या जुन्या मशीनवरही चालेल असा, फुकट वाटायला. ज्यांना अजून दारातूनच दाखवतात त्यांच्यासाठी. नोकरी लागेपर्यंत जगाचं भलं करायचं ठरवलं आहे. जगाला अजून कळवलेलं नाही.

बिनआवाजी अशासाठी, की टेबलाला जागा बाहेरच्या खोलीतच आहे आणि दिवसा तिथं बाबा झोपतात. रात्री ते एका कंपनीच्या गोदामावर पहाऱ्याला असतात. त्यामुळे दिवसा आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. मला कळायला लागल्यापासून हे असंच आहे. भूक लागली—पोटावर हात. दार लाव—नुसती भुवई. बाकी सगळं कुजबुजत, एकमेकींच्या तोंडाकडे बघत. नवखा पाहुणा आला तर त्याला वाटतं, घरात कुणीतरी गेलंय.

अपवाद एकच—आईचं शिलाई मशीन. त्याच्या खडखडीवर बाबांना छान झोप लागते म्हणे. माझ्या डब्याला मात्र ही सवलत नाही. विचारून झालं.

बाबांचंही खरं आहे. गेल्या महिन्यात त्यांना ड्यूटीवर खुर्चीत डुलकी लागली आणि नेमका सुपरवायझर आला. "पुन्हा असे दिसलात तर कायमचे घरीच झोपा," म्हणाला. म्हणून मला बजावलंय, "बाई गं, हवं ते कर. पण माझी झोप मोडली, की तुझा डबा परत भंगारात." मी शब्द दिला आहे. तोही जरा भाषणाच्या सुरात.

८ फेब्रुवारी

केस सोनेरी करायचं क्रीम पिवळ्या प्लास्टिकला फासून उन्हात ठेवलं, की ते पुन्हा दुधी होतं, असं वाचलं. फासलं. वाळू नये म्हणून वरून पातळ प्लास्टिक गुंडाळलं आणि डबा गच्चीत ठेवला. गुंडाळलेल्या प्लास्टिकला सुरकुत्या पडतात, आणि जिथं सुरकुती तिथं रंग जात नाही, हे वाचलेलं नव्हतं!

धाकटीनं गच्चीवर येऊन पाहिलं. "ताई, झेब्रा पाळलास?"

आईनं फक्त माझ्या केसांना हात लावून पाहिला. ते काळेच आहेत हे बघून निर्धास्त झाली.

११ फेब्रुवारी

आतला नवा बोर्ड बसेना. जुन्या डब्याची भोकं एकीकडे, बोर्डाची दुसरीकडे. गच्चीत बसून नवी भोकं पाडली. त्यातली काही उपयोगी आहेत.

पंखा मोठा आणि संथ घेतलाय—मोठा पंखा हळू फिरला तरी वारा पुरतो. तो डब्याला टेकून थरथरू नये म्हणून मध्ये रबराच्या चकत्या बसवल्या. रबर घरातच मिळालं.

संध्याकाळी आई दारात एका पायात चप्पल घालून उभी. दुसरी शोधत होती. मीही शोधायला लागले. फार मनापासून शोधली.

१३ फेब्रुवारी

फोनवर मुलाखत होती. पार बोऱ्या वाजला. बाई तोंडावर गोधडी घेऊन बोलल्यासारख्या बोलत होत्या. "पुन्हा सांगता का?" "जरा मोठ्यानं?" शेवटी त्या म्हणाल्या, "आम्ही कळवू." हे मात्र स्वच्छ कळलं.

नेटवर्कला शिव्या घातल्या. अशा वेळी देशातली दळणवळण व्यवस्था कामाला येते.

१५ फेब्रुवारी

झालं!!

काकांकडून वीजपुरवठ्याचा जुना डबा आणला—ज्यात पंखाच नाही असला. पंखा नाही म्हणजे आवाज नाही. साधा तर्क आहे. आईनं संध्याकाळच्या दिव्याबरोबर याचंही बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. पडद्यावर अक्षरं उमटली.

कान लावला. काही नाही. दुसरा कान लावला. काहीच नाही! डोळे मिटून बसले. ही शांतता मी माझ्या हातांनी तयार केली! धाकटी जवळ येऊन काहीतरी पुटपुटली. मी हात वर करून तिला थांबवलं. अशा क्षणी माणसानं एकटं असावं.

१६ फेब्रुवारी

दुपारी काम करत होते. बाबा अंथरुणात उठून बसले. "शिट्टी कसली वाजतेय?"

मी त्यांना पंखा दाखवला, चकत्या दाखवल्या, वीजपुरवठ्यात पंखाच नाही हे समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हो. पण वाजतंय."

१७ फेब्रुवारी

बाबा आजही झोपले नाहीत. डब्यात वाजण्यासारखं काही नाहीच, तर मी बंद काय करू?

१८ फेब्रुवारी

आता आईसुद्धा! कानाजवळ बोट नेऊन गोल गोल फिरवते, म्हणजे किणकिणतंय. मी विचारलं, तुझ्या मशीनची खडखड चालते आणि माझी शांतता चालत नाही? आई म्हणाली, "खडखड वेगळी. हे कानात सुई घातल्यासारखं आहे."

मग मी बोलले. नवी गोष्ट घरात आली की घर आधी विरोध करतं. विरोध आधी मनात तयार होतो, मग कानाला ऐकू येतो. मुद्दे चांगले होते. पण बाबा पडलेले असल्यामुळे सगळं कुजबुजत बोलावं लागलं, आणि कुजबुजत क्रांती होत नाही. मधेच धाकटीला हसू आलं, तर आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

रात्रपाळीला निघताना बाबांचे डोळे लाल होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

२० फेब्रुवारी

शास्त्रीय प्रयोग करायचं ठरवलं. बाबा बाहेर गेले होते. धाकटीचे डोळे ओढणीनं बांधले, तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. पडदा बंद. मी डबा सुरू करायचा, बंद करायचा, तिनं ओळखायचं.

"चालू."
"आता बंद."
"बंदच आहे. ताई, फसवतेस काय?"
"हं, चालू."

एकदाही चुकली नाही. म्हणजे ओढणीतून दिसत होतं! हिरव्या दिव्यावर चिकटपट्टी लावली. तरी तेच. मी म्हटलं, तुला माझ्या बोटांची टकटक कळते. तर आतून, शिलाई मशीनवरून मान वर न करता आई म्हणाली, "आत्ता लावलंस बघ."

दोघी मिळून मला बनवताहेत. प्रयोगासाठी घरातली माणसं कधी घेऊ नयेत.

२१ फेब्रुवारी

सकाळी बाबा आले ते चूळ भरून भिंतीला टेकून बसले. आईनं विचारलं तेव्हा सांगितलं—पहाटे पुन्हा डोळा लागला. या वेळी कुणी पाहिलं नाही.

मग अंथरूण उचललं, आत नेलं, आणि ओट्याखाली डोकं घालून आडवे झाले. त्यांचे पाय उंबऱ्याबाहेर येत होते. आई ते ओलांडून ये-जा करत होती. ओरडले असते तर मी उत्तर देऊ शकले असते. उत्तर तयार होतं.

शब्द दिला होता मी. डबा बंद केला. उद्या काकांकडे परत.

२२ फेब्रुवारी

डबा जड, म्हणून धाकटीला बरोबर घेतलं. काकांना म्हटलं, घरच्यांना पसंत नाही, ठेवून घ्या. ते म्हणाले, बघू तरी काय केलंत. त्यांनी वायर जोडली, बटण दाबलं, आणि लगेच तोंड वाकडं केलं. "अरे अरे, केवढी शिट्टी मारतोय हा!" बाहेर कुणीतरी सायकल उभी करत होतं, त्यानंही वळून पाहिलं.

मी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्या माणसाच्या. हे लोक काही माझ्या घरातले नाहीत.

"पंखा नसला तरी आतली तारेची गुंडाळी वाजते," म्हणत काकांनी वीजपुरवठ्याचा डबा काढला, पंखा असलेला दुसरा बसवला, पुन्हा सुरू केलं. "आता कसा गप्प बसला!" धाकटी म्हणाली, "हां. गेली."

मला काही गेलेलं कळलं नाही. आधी जसं होतं तसंच आताही होतं.

"ताई," धाकटीनं विचारलं, "तुला खरंच येत नव्हतं ऐकू?" कुजबुजत नाही. चांगलं मोठ्यानं, दुकानात, सगळ्यांसमोर.

मी म्हटलं, गप्प. डबा उचल.

२३ फेब्रुवारी

बाबा दुपारभर गाढ झोपले. बाहेरच्या खोलीत, पाय पसरून, डबा चालू असताना. माझ्या प्रोग्रामचं पहिलं पान पडद्यावर आलं. मी जिंकलेच म्हणायची! म्हणजे ज्याच्यासाठी सगळा आटापिटा केला ते झालं. आनंद व्हायला हवा.

मी मात्र धाकटीला विचारत बसले. आत्ता काही वाजतंय का? पक्षी वगैरे? ती म्हणाली, "तारेवर दोन बसलेत आणि नुसते भांडताहेत, ताई." खिडकीतून पाहिलं. बसले होते. चोची उघडत होत्या, मिटत होत्या.

आपल्या घरात दिवसा सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात. मीही बघतेच. कुणाच्या कशाला लक्षात येईल?

धाकटीनं दुकानातलं आईला सांगितलं. आई म्हणते, परवा डॉक्टरकडे जाऊ. मळ असेल. मळच असणार. पदवीधर मुलीला आईनं बोटाला धरून कानातला मळ काढायला न्यायचं!

२५ फेब्रुवारी

मळ नाही.

काचेची बारकी खोली, कानांवर हेडफोन, हातात एक कळ. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, "आवाज आला की दाबायची, कितीही बारीक असला तरी." सुरुवातीला भराभर दाबली—परीक्षेत पहिलं यायचं असल्यासारखी. मग बराच वेळ काही वाजलंच नाही. वाटलं, यांचं मशीन बंद पडलं. आपण दुरुस्त करून देऊ, असंही मनात आलं.

मान वर केली. काचेपलीकडे बाईंचं बोट मशीनवर पडत होतं. पुन्हा पडत होतं. त्यांच्या शेजारी उभी राहून आई माझ्या हाताकडे बघत होती.