उपास लागला

आक्का, मला दोनदा घेरी आली म्हणून आज विश्रामबागेतल्या डॉक्टरांकडे गेले होते. घरात आणखी कुणाला यायची का, असं त्यांनी विचारलं. मी पटकन तुझंच सांगितलं: आईला यायची, पण तिला उपास लागायचा. त्यांनी लिहायचं थांबवलं. "म्हणजे नक्की काय व्हायचं, ताई?" मला तू आठवलीस.

दशलक्षण पर्वातले उपासाचे दिवस आहेत, तू दर्शन घेऊन जैन बस्तीच्या पायऱ्या उतरतेयस. हातातली अक्षतांची डबी आधी घरंगळते, मग तू कलतेस. काकी तुझं डोकं मांडीवर घेऊन जमलेल्या बायकांना सांगते, "काय न्हाई, उपास लागलाय. लय कडक करती ती." एकदोघी तुझ्या पाया पडतात. तू डोळे उघडतेस आणि लाजून पदर सावरतेस. मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला होता. पण एकदा भरल्या पोटी, शेवग्याच्या शेंगा मोडता मोडता, तू ओट्याशी अशीच खाली बसली होतीस. तेव्हा काकी म्हणाली, कालच्या उपासाचं असंल. गेलीसही चतुर्दशीलाच, उपासात. असं मरण पुण्यवानालाच येतं म्हणाले सगळे. मीही लेकीला तसंच सांगत आले.

डॉक्टर म्हणाले, हृदयाला ठोक्याचा इशारा पोचवणारे तंतू झिजत चाललेत. इशारा निघतो आणि वाटेतच अडतो. पेसमेकर बसवावा लागेल, आणि हे घराण्यातलं असू शकतं, तेव्हा मुलीलाही तपासून घ्या. पेसमेकरला मी हो म्हणून आले, ते सोपं गेलं. पण मग तुला काय लागत होतं, आक्का? उपास तर खराच होता, मी डोळ्यांनी पाहिलाय. की दोन्ही होतं? आणि मी ज्या तुझा अभिमान धरून बसले, ती कोण?

संध्याकाळी फलटणहून लेकीचा फोन आला. डॉक्टर काय म्हणाले, तिनं विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही गं, उपास लागला." ती हसली. "मग मला काय लागलं? परवा ऑफिसात उभ्या उभ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मी तर डबा खाऊन उठले होते."

भाजी करपतेय म्हणून मी फोन ठेवला. गॅस पेटवलाच नव्हता. हे लिहिणं इथंच सोडते, आक्का. तिला परत फोन लावायचाय, आणि 'लागला' सोडून दुसरा शब्द मला अजून सापडत नाहीये.