मोडलेली ताल

म्हसवडजवळ, मार्गशीर्ष, १९४६

चि. लालासाहेब,

आशीर्वाद लिहावा असं वागला नाहीस, तरी तू धाकटा म्हणून लिहितो.

तीन वर्षं डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, हे बिरोबापुढं भंडारा उचलून सगळ्यात आधी तूच म्हणालास. त्या शब्दाखातर बिराप्पा धनगरानं मेंढरं कृष्णाकाठी नेली. निम्मी तिकडंच मेली. इकडं गवत गुडघ्याला लागलं, तेव्हा मी म्हातारा शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणत त्यातून हिंडलो.

गेल्या आठवड्यात बिराप्पा परतला, तो थेट माझ्याकडं आला.

"आवं मास्तर, लालासाहेबानं बैलं डोंगरावर सोडल्यात. पाणी अडवायची ताल बी तुडवली. मग आमची मेंढरं कशापायी मेली?"

त्याच सकाळी तू इस्लामपूरला सासुरवाडी गाठलीस. शपथ मोडणारा तूच, हे गावाला कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाची गुरं डोंगरावर चढली असती. म्हणून गावकीत मी म्हणालो, "बैलं माझ्या हातून सुटली."

मोडेल त्यानं ताल एकट्यानं रचायची, हा नियमही तुझाच. सहा दिवस दगड वाहतोय.

आज बिराप्पानं येऊन दगडाला हात लावला. मग म्हणाला, "मास्तर, कविता म्हणा. लबाडी तुमास्नी जमत न्हाई."

लाला, एक ओळसुद्धा आठवली नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. वाचून आलास तर माझ्या पाठीची कीव करून येशील. डोंगरासाठी येणारा माझा भाऊ आता कुठल्या पत्त्यावर शोधू?

तुझा थोरला,
नाथाजी