तुझ्या फ्लॉपीतून आलं नव्हतं

शिवाजी पेठ, कोल्हापूर
२४ ऑगस्ट २००३

प्रिय सोनम,

तुला कॉम्प्युटर क्लासवरून काढलं त्याला दहा दिवस झाले. "सोनम मॅडमनीच रोग आणला" असं इथली पोरं कालपर्यंत म्हणत होती, आणि ते तुमच्या उचगावातही पोचलंय म्हणे. पुन्हा कुठला क्लास तुला शिकवायला घेणार? म्हणून आधी हेच लिहिते: नेटकॅफेत टाइप केलेल्या नोट्स तू ज्या फ्लॉपीवर आणायचीस, तिच्यातून काहीही आलं नव्हतं.

पडद्यावर साठ, एकोणसाठ अशी उलटी मोजणी सुरू व्हायची आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा. आपण सहातला एकेक पुसून सगळं नव्यानं भरायचो, पण तो बाकीच्यांना जोडलेलाच असायचा. दुसऱ्याला हात घालेपर्यंत पहिला पुन्हा मोजायला लागायचा. उदयसिंह सर ओरडायचे, "आगं, आत्ताच साफ केलतं की! कोण काय घालतंय ह्यात?"

शुक्रवारी बॅच नव्हती. मी एक कॉम्प्युटर कोरा केला. फ्लॉपी घातलीच नाही, फक्त नेटवर्कची वायर जोडली. चहा संपायच्या आत मोजणी सुरू! वायर काढून पुन्हा भरला, तर दुपारभर शांत. हा वर्म आहे, सोनम. व्हायरस पसरायला कुणाला तरी फाइल उघडावी लागते. याला माणूस लागतच नाही. एका उघड्या राहिलेल्या फटीतून शिरतो, स्वतःची प्रत काढतो आणि वायरीवरून पुढची फट शोधत सुटतो. मग सहाही वायरी काढल्या, सगळे साफ केले, फट बुजवणारी दुरुस्ती सीडीवरून घातली आणि शेवटी जोडले. तेव्हापासून एकही बंद पडलेला नाही.

पहिला आला कुठून? इंटरनेटची फोनलाइन फक्त माझ्या टेबलावर आहे. हे सगळं सुरू झालं त्या सोमवारी एम.सी.ए.ची प्रवेशयादी बघत मी तासभर जोडलेली होते. घरातली पहिली पदवी माझी. आबा कोडोलीत सांगतात, पोरीला कॉम्प्युटरातलं सगळं कळतं. मलाही तसंच वाटायचं.

काल हे मी बॅचसमोर सांगितलं. सर खाली बघत म्हणाले, "चुकलंच की आपलं. बुधवारी मीच जातो उचगावला." ते तुला परत बोलावतील. एक गोष्ट मात्र ते सांगणार नाहीत. तुझी फ्लॉपी त्यांना सुचली नव्हती. त्यांनी कारण विचारलं तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटली. तुझं नाव मी घेतलं. यायचं की नाही, ते हे कळल्यावर ठरव.

तुझीच,
निशिगंधा