आमच्यात कुणाला गॅस होत न्हाय

अनगोळ, बेळगाव
मंगळवार

ती. विनोदिनीमावशीस,

शाल्मलीचा वाकून नमस्कार. निपाणीत थंडी पडली असेल, तुझा गुडघा काय म्हणतो? काका डॉक्टरांचं ऐकत नसतील, हे मी धरूनच चालते.

तू माझ्या नव्या कामाचं विचारलं होतंस. इस्पितळातर्फे गावोगाव जाऊन गरोदर बायकांना पोटाच्या तक्रारी विचारायच्या. प्रश्न मूळचे परदेशी, ते आपल्या बायकांना कळतील असे करायचे. मी ऐटीत लिहिलं, ‘छातीत जळजळ होते का?’ येळ्ळूरची पहिलीच बाई म्हणाली, “व्हय की, धाकट्या जावंनं नवी साडी नेसली की लई होतीय.” ‘पोटात गोळा येतो का?’ तर, पोराचा निकाल असला की येतो. मग जळजळ खोडून ‘जेवल्यावर आंबट पाणी घशाशी येतं का?’ असं केलं. (शौचाच्या प्रश्नाला योग्य शब्द शोधताना डॉक्टरांच्या बैठकीत काय काय मोठ्यानं म्हणावं लागलं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

पण शब्द सुधारून भागेना. तिथंच नीलम नावाची मुलगी भेटली, आठवा महिना, चेहरा सुजलेला. प्रश्न तिला, उत्तरं सासूची. जयाबाई म्हणाल्या, “तिला काय न्हाय. आमच्यात कुणाला गॅस होत न्हाय.” नीलम मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसलेली. मी कंटाळून कागद मिटले आणि म्हटलं, “जयाबाई, तुमच्या वेळी कसं होतं?” हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. रविराजच्या, म्हणजे नीलमच्या नवऱ्याच्या वेळी गोठ्यामागं जाऊन ओकायचं, तोंड पुसून परत भाकऱ्या थापायला बसायचं, सगळं सांगून झालं. मग डोळे पुसून सुनेकडं वळल्या, “तुला काय होतंय ते सांग की गं.”

नीलम हळूच म्हणाली, “बरगडीखाली लई दुखतंय, आत्ती. डोकं ठणकतंय. डोळ्यापुढं काजवं चमकत्यात.”

हे अपचन नव्हे, एवढं मला कळलं. पिशवीतल्या यंत्रावर रक्तदाब बघितला, तो भलताच चढलेला. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, रविराजनं गाडी काढली. वाटेत जयाबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन, “मीच बोलू दिलं न्हाय,” एवढंच म्हणत होत्या. त्याच संध्याकाळी पोट उघडून बाळ काढलं. मुलगी झाली, मूठभर. काही दिवस काचेच्या पेटीत होती. आता दोघी घरी आहेत. जयाबाई आता गल्लीतल्या प्रत्येक गरोदर बाईला ढेकर येतात का विचारतात, नको असलं तरी. आणि आमच्या यादीत पहिला प्रश्न सासूला असतो. (तो अहवालात कसा बसवायचा, यावर डॉक्टर लोकांचा वाद चालू आहे.)

काकांना नमस्कार.

तुझी,
शाल्मली

ता. क. – येताना आमसुलं आण. ‘येताना’ म्हणजे या रविवारी.

आणखी एक – मला तिसरा लागलाय. चहाचा वास सोसवत नाही. सासूबाई रोज विचारतात, बरं नाही का गं, आणि मी “काही नाही” म्हणून कामावर जाते. गेल्या वेळी सगळ्यांना आनंदानं सांगितलं आणि मग सगळ्यांना ‘राहिलं नाही’ म्हणूनही सांगत फिरावं लागलं. म्हणून यंदा सुहास नवरा असून त्याच्यासमोरसुद्धा तोंड उघडत नाही. तू नुसती शेजारी बस. घरच्यांना सांगेन मीच.