जिन्यातली जागा

तीर्थस्वरूप भाऊजींस,

साष्टांग नमस्कार. (विमानात बसून बसून कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त तो खुर्चीतूनच घातला आहे असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा रक्तदाब? मी इथे खुशाल आहे, म्हणजे जेवतो, चालतो, पण एका जागी बसवत नाही. हॉटेलच्या या खोलीत टेबलापासून खिडकीपर्यंत चार पावलं आहेत आणि एवढं लिहीपर्यंत मी ती किती वेळा टाकली ते मलाच ठाऊक. अक्षर तिरकं दिसलं तर ते त्यामुळे.

निघताना तुम्ही एवढंच म्हणालात, "जा, बघून ये," आणि तुमची जुनी दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवलीत. चार शब्द सुनावले असतेत तर बरं झालं असतं. दुर्बिणीच्या काचा मी दुकानात नेऊन लख्ख पुसल्या (चष्मेवाल्याला दुसरं काय येतं?), पण तुमचा तो चेहरा काही डोळ्यांसमोरून हलेना.

तर फुटबॉलची मॅच. मी तीन तास आधीच जाऊन बसलो. मैदान इतकं हिरवं की माझ्याच चष्म्याच्या नंबराविषयी मला शंका आली. आपल्या संघाचे निळे शर्ट खरोखर निळे दिसतात हो! आपल्या टीव्हीवर ते जांभळट का दिसतात ते एकदा बघायला हवं. पण सुख कुठलं? हा संघ यंदा वरच्या गटात टिकतो की खाली घसरतो याचा फैसला शेवटच्या दोन मॅचवर, आणि त्यातली ही पहिली. मी बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. मागे एक बस-ड्रायव्हर होता (गणवेशातच आला होता, बस कुठे सोडली होती देव जाणे), तो दर वेळी माझ्या खांद्याला धरून मला खाली बसवायचा. अकराव्या मिनिटाला त्यांचा गोल झाला. मध्यंतर झालं. साठावं मिनिट आलं, आपला चेंडू गोलकडे फिरकायलाच तयार नाही. आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेर कोणी उभंच नव्हतं!

अकरा वर्षांपूर्वी तुम्ही शेजारच्यांची अडकलेली लिफ्ट बघायला जिन्यात गेलात आणि तेवढ्यात आपला गोल झाला. तेव्हापासून तुमच्याच घरात, तुमच्याच टीव्हीवर मॅच लागली की संघ मागे पडताच मीच तुम्हाला म्हणायचो, "भाऊजी, जरा बाहेर." लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस जिन्यात उभा! ताई तुम्हाला चहाही तिथेच आणून द्यायची. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना कित्येक महिने वाटत होतं की तुमचं दोघांचं पटत नाही. आणि गोल व्हायचेही, त्याला माझा काय इलाज?

मी उठलो. ड्रायव्हरने खांदा धरला, तो सोडवून मी मागच्या, प्रेक्षकांच्या बाकांखालच्या बोळात गेलो. तिथे एक कॉफीचं यंत्र, एक फरशी पुसणाऱ्या बाई आणि मी. दोन मिनिटं गेली नसतील, तोच वर असा गलका उठला की छताची धूळ माझ्या टकलावर पडली. बाईंनी एक बोट वर केलं, मग आपल्या निळ्या बादलीकडे दाखवलं. निळ्यांचा गोल! मी धावत आत गेलो. पाय टाकतो न टाकतो तोच त्यांचा फटका आपल्या खांबावर आदळला. मी तसाच मागे फिरलो. उरलेली अख्खी मॅच मी बोळात काढली. तुमच्या दुर्बिणीतून कॉफीच्या यंत्राची बटणं पाहिली. फार स्पष्ट दिसतात.

एक-एक अशी बरोबरी झाली. एवढे समुद्र ओलांडून मी आपला एकमेव गोल पाहिला नाही. आत लोक ओरडतात आणि आपण भिंतीकडे बघत कशाला ओरडले असतील याचा अंदाज करत राहायचं, हे किती वाईट असतं ते मला अर्ध्या तासात कळलं. तुम्ही अकरा वर्षं काढलीत. मला लाज वाटली, भाऊजी.

ताईला नमस्कार.

तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. : चष्म्याच्या काचांच्या कंपनीने दुकानाला बक्षीस म्हणून एकाच माणसाची सहल दिली असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ती दोघांची होती. तुम्ही आत बसलात तर संघ हरेल या भीतीने मी खोटं बोललो. शेजारच्या खुर्चीवर माझा कोट बसला होता. मॅच त्यानेच पूर्ण पाहिली.

ता. क. २ : शेवटची मॅच रविवारी आहे. तुम्ही हाताच्या खुर्चीत बसायचं, जिन्यात मी. मात्र सत्तराव्या मिनिटापर्यंत गोल झाला नाही, तर तुम्हीही जरा बाहेर या. दोघे उभे राहू. मॅच ताई बघेल. (तिला दोन्ही संघांचे रंग आधी नीट समजावून ठेवा.)

ता. क. ३ : टपाल माझ्यानंतर पोहोचलं असतं, म्हणून पत्र मीच आणून दाराखालून सरकवलं आहे. बेल वाजवायचा धीर होत नाही. वाचून झालं असेल तर दार उघडा. मी जिन्यातच आहे.