वाचकपट्टीवरचं पहिलं नाव

३ जून
आलो, स्थिरावलो. दफ्तरखान्याच्या वरच खोली मिळाली आहे. खिडकी पूर्वेला, टेबल डुगडुगतं; पण विद्वानांना स्थैर्य एरवीही मानवत नाही. काम मात्र सोन्यासारखं: सतराव्या शतकात परदेशी गव्हर्नरच्या दारी भेटीसाठी ताटकळलेल्या वकिलांची पत्रं, कापडी रुमालांत बांधलेली. दफ्तराच्या बाईंनी नियम समजावला. प्रत्येक रुमालात वाचकपट्टी असते. वाचणाऱ्याने तीवर नाव-तारीख घालायची. ज्याचं नाव पहिलं, छापायचा पहिला हक्क त्याचा. हिला फोन केला. म्हणाली, आता तरी पुस्तक संपवा, नाहीतर नातवंडांनाच मुद्रितं तपासायला बसवावं लागेल.

६ जून
पहिल्याच पट्टीवर पहिलं नाव आमच्या गुरुबंधूंचं! तारीख गेल्या मार्चची. दुसऱ्या रुमालात तोच, सातव्यातही तोच. एकाच गुरूंकडे शिकलो; गुरूंनी प्रस्तावना त्याच्या पुस्तकाला दिली, मला नुसता आशीर्वाद. अक्षर मेल्याचं अजून मोत्यासारखं. बाई म्हणाल्या, काय गोड माणूस हो, ओळखता का तुम्ही? ओळखतो म्हटलं. षड्रिपूंत मत्सर शेवटचा मोजतात. मोजणाऱ्याला गुरुबंधू नसावा.

९ जून
पाप केलं. त्याच्या नावाच्या वर बोटभर जागा होती. तिथे माझं नाव घातलं, तारीख त्याआधीच्या डिसेंबरची. तेव्हा मी या गावात नव्हतोही. शाई सुकेपर्यंत फुंकर घालत बसलो.

१० जून
माझ्या नावाच्या वर पुन्हा त्याचं नाव. तारीख दहा वर्षांपूर्वीची. शाई विटलेली, खरीच जुनी. बाईंना खोदून विचारलं. मार्चनंतर ते फिरकलेच नाहीत, म्हणाल्या. मग मीही त्याच्यावर वीस वर्षांपूर्वीची तारीख घातली. हार मानायची का?

१२ जून
त्याची तारीख शंभर वर्षांपूर्वीची. माझी त्याहून आधीची. आज बाईंनी मला ओळखपत्र मागितलं. वरची खोली तर बंदच असते, म्हणाल्या. फोनवर ही म्हणाली, राँग नंबर. आवाज हिचाच होता. दोनदा सांगितलं, अगं मी — ठेवून दिला.

१३ जून
थांबायला हवं. कळतंय. पण पट्टीवर तो वर आहे —

१४
१६७१ घातलं. पत्र लिहिलं गेलं त्याच्याही आदल्या दिवशीचं. याच्या मागे वाचायला कागदच नाही. जिंकलो.

तारीख — कुठली?
भिंती चुन्याच्या. खाली शिडांची जहाजं. अंगावर जड अंगरखा, माझा नाही. गव्हर्नरच्या दाराशी वकिलांची रांग. दुभाषा म्हणतो, पुढच्यांची भेट झाली की तुमची. मागे वळलो तर जिना नाही. हिचं नाव — जिभेवर होतं आत्ता —

पुढे एकच माणूस. त्याची मान. गुरूंच्या वर्गात वर्षानुवर्षं त्याच्या मागच्या बाकावर बसलोय, ही मान मी —

इथेही. इथेही माझ्याआधी.

दार उघडलं. त्यालाच बोला—